गाडीचं कपाळ

बुधवारी सकाळी मैंदर्गी-अक्कलकोट रस्त्यावर फिकट निळ्या रंगाची एक अम्बॅसेडर दिसायची. स्टिअरिंगमागं इरकली लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली, पाठ न टेकता बसलेली एक बाई असायची. रस्त्याकडेच्या रानात भांगलणाऱ्या बाया मान वर करून म्हणायच्या, "तेलवाल्या दाक्षायणव्वा निघाल्या." गाडीच्या डिकीत करडईच्या तेलाचे डबे, मागच्या सीटवर पेंडीची दोन पोती. गाडी सावकाश जायची. रस्त्यात म्हशी आल्या तर दाक्षायणी हॉर्न वाजवत नसे. काच खाली करून ती म्हशींशी कानडीत दोन शब्द बोलायची आणि म्हशी बाजूला व्हायच्या. निदान त्या रस्त्यावरच्या लोकांची तशी खात्री होती.

दाक्षायणी मूळची दुधनीची. माहेरी कानडी, सासरी निम्मी कानडी निम्मी मराठी, आणि घाण्यावर येईल त्या गिऱ्हाइकाची जी असेल ती भाषा. शाळा चौथीपर्यंत. पण बी दाताखाली फोडलं की ते काळ्या रानातलं की मुरमाड रानातलं हे ती सांगायची, आणि तेलाचा थेंब बोटांत चोळून त्यात किती ओल राहिली ते ओळखायची. अठराव्या वर्षी ती मैंदर्गीत भीमाशंकरच्या घरात आली तेव्हा अंगणात बैलाचा लाकडी घाणा फिरत होता. दोन वर्षांनी विजेचा घाणा आला, आणि त्याच साली, म्हणजे एक्याऐंशीत, अम्बॅसेडर आली. अक्कलकोटच्या एका डॉक्टरांनी ती पंच्याहत्तरला नवी घेतली होती. गाव सोडून जाताना त्यांनी ती भीमाशंकरला दिली. मैंदर्गीत त्या वेळी चारचाकी गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या.

गाडी अंगणात उभी राहिली त्या संध्याकाळी सासूनं सांगितलं, "घाण्याची पूजा हुती तशी हिचीबी दर अमावास्येला झाली पायजे. आदी घरचं तेल, मग विभूती, मग कुक्कू."

घाण्याचं कपाळ कुठलं ते दाक्षायणीला माहीत होतं. गाडीचं कुठलं ते तिला समजेना. तिनं नवऱ्याला विचारलं. भीमाशंकर थट्टेखोर माणूस. त्यानं बॉनेट उचललं आणि इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावर बोट ठेवलं.

"हे बघ. हे तिचं कपाळ. कारखान्यात सटवीनं लिवलंय."

"काय लिवलंय?"

"ते आपुण वाचायचं नसतंय. तू तेल लाव."

थट्टाच होती ती. पण नवी सून, नवी गाडी आणि दारात उभी सासू. दाक्षायणीनं अनामिका तेलात बुडवली आणि त्या आकड्यांवरून फिरवली, वर विभूतीची तीन बोटं ओढली, मधोमध कुंकू लावलं. तिथून पुढं चव्वेचाळीस वर्षं एकही अमावास्या चुकली नाही. ती बाळंतपणाला दुधनीला गेली तेव्हा सासूनं लावलं. सासू गेली तेव्हा सुतकात शेजारच्या पोरीच्या हातानं लावून घेतलं. त्या जागेवर आकडे होते हे पुढं पुढं घरातलं कुणी लक्षातही ठेवलं नाही. तिथं एक लालसर काळा उंचवटा होता, गुळगुळीत, देवळातल्या शेंदराच्या दगडासारखा, आणि ते गाडीचं कपाळ होतं.

दोन हजार दोन साली साखरेच्या आजारानं भीमाशंकरची नजर नेली. तेल पोचवायचं कुणी? मुलगा मृत्युंजय शाळेत. भीमाशंकर बायकोला म्हणाला, "बस चाकावर." एक्केचाळीस वर्षांची बाई, आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. गावाबाहेरच्या माळावर आंधळा नवरा शेजारच्या सीटवर बसून आवाजावरून शिकवायचा. "गेर दात खातुया, क्लच पुरता दाब." "आता इंजान धापा टाकतंय, खालचा टाक." बघायला पोरं जमायची, टपरीवरचे बाप्ये हसायचे. "भीमण्णा, तुला दिसत न्हाय म्हणून बरं हाय, न्हायतर उडी मारली असतीस!" भीमाशंकर म्हणायचा, "मला दिसत न्हाय तरी मी बसलोय. तुमाला दिसतंय, या की बसा." कुणी बसायला आलं नाही. तीन महिन्यांनी दाक्षायणीनं आठ डबे सोलापूरला पोचवले, आणि एक थेंबही सांडला नाही.

सोळा साली भीमाशंकर गेला. दिवस झाल्यावर पहिल्या अमावास्येला ती तेलाची वाटी घेऊन अंगणात निघाली तशी भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "आता तू नगं लावूस गं. पोराच्या हातनं लाव. तुला ते चालत न्हाय."

दाक्षायणी उंबऱ्यात थांबली. "मालक गेला तर मी रांडमुंड झाले. गाडी झाली का? तिचं कपाळ का म्हणून पुसू?"

गावात ते वाक्य महिनाभर फिरत होतं.

मग गाड्या जायला लागल्या. एका दिवसात नाही. आधी सरकारी दवाखान्यातली जुनी जीप गेली, पंधरा वर्षं झाली म्हणून. ती सरकारचीच होती, कुणाला काही वाटलं नाही. मग निवृत्त मास्तरांची फियाट गेली. मास्तरांच्या सुनेला नवी गाडी घ्यायची होती, आणि जुनी गाडी भंगार केंद्रात दिल्याचं सर्टिफिकेट दाखवलं की नवीच्या टॅक्सात सूट मिळते, कंपनीही वर काही कमी करते, असं कळलं. त्या फियाटीतून अर्ध्या गावाच्या नवऱ्या सासरी गेल्या होत्या. मग गिरणीवाल्यांची काळी अम्बॅसेडर गेली, दाक्षायणीच्या गाडीची जोडीदारीण. ट्रेलरवर चढवताना तिच्या बॉनेटवर दसऱ्याला काढलेलं हळदीचं बोट तसंच होतं. गिरणीवाला हातात कागद घेऊन उभा होता आणि खुशीत होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं असं म्हणायचं कारण नाही. त्याच्या गाडीचं इंजिन तीन वर्षं बंद होतं आणि आत कोंबड्या बसत होत्या. पण ट्रेलर वळणाआड गेल्यावर दाक्षायणी घरी येऊन आपल्या गाडीचं दार दोनदा उघडून दोनदा लावून बघत राहिली.

यंदाच्या माघात तिच्या गाडीच्या कागदांची मुदत संपत होती. दर पाच वर्षांनी नवे करावे लागतात. गाडी घेऊन ती सोलापूरच्या आरटीओच्या मैदानात गेली. मृत्युंजय तिथं आला. तो आता सोलापुरातच कॉलेजात क्लार्क होता, जुळे सोलापूरला त्याचं घर होतं. तपासायला आलेली निरीक्षक तरुण मुलगी होती, छातीवरच्या पट्टीवर उत्कर्षा एवढं नाव दाक्षायणीला वाचता आलं. तिनं ब्रेक बघितले, दिवे बघितले, धूर बघितला. सगळं ठीक. मग म्हणाली, "आजी, बॉनेट उघडा. चेसिस नंबर बघायचाय."

दाक्षायणीनं उघडलं.

"कुठे आहे?"

"हे काय, हितं."

मॅडम वाकल्या. बोटानं टकटक केलं. "हे काय आहे?"

"कपाळ हाय तिचं."

मृत्युंजयानं डोक्याला हात लावला. "मॅडम, ते पूजेचं आहे. आमच्यात अमावास्येला..."

"किती वर्षांचं?"

"चव्वेचाळीस," दाक्षायणी म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता तो तिला लपवता आला नाही.

"आणि मागच्या वेळी नंबर कुणी पाहिला?"

"मागच्या बारीला एजंट छाप घिऊन आला हुता कागदावर. कुटनं आणली ते त्याला ठावं. बॉनेट काय कुणी उचललं न्हाय."

उत्कर्षा मॅडम हसल्या नाहीत. "आता तसं चालत नाही, आजी. मला नंबरचा फोटो काढून पाठवावा लागतो. पेन्सिलीची छाप मी स्वतः घेते. नंबर दिसला नाही तर माझ्या लेखी ही कुठली गाडी आहे तेच मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी या. आणि एक सांगून ठेवते. ग्राइंडर मारून, पत्रा खरवडून आणाल तर मी नाकारीन. आकड्याला हत्यार लागलेलं दिसलं की गाडी बाद. मग ती भंगारातच जाते."

मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर मृत्युंजय म्हणाला, "अव्वा, हे देवानंच सुचवलंय असं समज. त्या भंगार केंद्रात गाडी दे. सर्टिफिकेट मिळंल. मी पांढरी लहान गाडी बघून ठेवलीय, एसी हाय, पॉवर स्टिअरिंग हाय, तुझे खांदे दुखायचे न्हाईत."

"माझ्या खांद्यानं तुज्याकडं तक्रार केली व्हय?"

"चेष्टा नको करू. काच फुटली तर काच मिळत न्हाय या गाडीची. उद्या रस्त्यात बंद पडलीस तर?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आईची काळजी होती आणि नव्या गाडीची हौसही होती, आणि दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होत्या. दाक्षायणीनं कप खाली ठेवला.

"पंधरा दिवस दिलेत न्हवं तिनं? त्यात लंबर निघाला न्हाय, तर मी सोता चालवत निऊन तुज्या त्या भंगारवाल्याच्या दारात गाडी लावीन. माजा शब्द हाय. पर निघाला तर परत त्या पांढऱ्या गाडीचं नाव माज्यापुढं काडायचं न्हाय."

"बरं. आरसी बुकात नंबर हाय, सांगू का तुला? म्हंजे काय शोधायचंय ते कळंल."

"सुम्नीर!" ती एकदम कानडीत ओरडली. गप्प बस. "सांगू नगंस. मला ठावं झालं तर माजा हात तिकडंच वळंल. न्हाई त्या रेघंला आकडा म्हणीन. जे हाय ते आपल्या आपुण वर येऊ दे."

परतीच्या वाटेवर ती अक्कलकोटला येडूच्या गॅरेजवर थांबली. येडू डेंटिंगवाला, साठीचा, अर्ध्या तालुक्याच्या पत्र्याला त्याचा हातोडा लागलेला. त्यानं बॉनेटखाली बॅटरी मारून बघितलं आणि शीळ घातली.

"दाक्षायणव्वा, हे कुक्कू न्हवं, डांबर हाय."

"निघंल का?"

"रॉकेल चालायचं न्हाय, थिनर चालायचं न्हाय. तुमचं करडईचं त्याल हाय हे. हवा खाऊन खाऊन लाख झालंय त्याचं. ग्राइंडर लावला तर दोन मिंटात साफ."

"आकडं?"

"ते बी साफ." येडू हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक करतो. आरसीवरचा लंबर आणा. माज्याकडं आकडं ठोकायचं जुनं पंच हाईत, त्याच मापाचं. साफ करतो आनि परत ठोकतो. कुणाच्या बापाला कळायचं न्हाय."

"मला कळंल की."

"तुमी कुटं वाचताय?"

"आजवर वाचला न्हाय, म्हणून तू ठोकलेला वाचू व्हय रं? मग ती तुजी गाडी झाली. माजी कुटं ऱ्हायली?"

येडूनं हात वर केले. "जावा मग. तुमच्या तेलानं घाण केलीय, तुमचंच त्याल निस्तरंल."

त्यानं ते टोमण्यानं म्हटलं, पण दाक्षायणी घरी पोचेपर्यंत तेच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तेलानं केलेली घाण ती जन्मभर निस्तरत आली होती. घाण्याच्या डब्यांच्या कडांना वाळून बसलेलं तेल कशानं निघायचं? राखेच्या पाण्यानं. सासूनं शिकवलं होतं. साबण महाग होता त्या काळात अख्खं घर राखेच्या पाण्यावर चालायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं परसात तुरकाट्या पेटवल्या. राख निवल्यावर चाळली, बुडाला भोक असलेल्या मडक्यात गवत घालून वर भरली आणि वरून पाणी सोडलं. खाली थेंब थेंब चहाच्या रंगाचं पाणी पडत राहिलं. दोन बोटांत चोळून बुळबुळीत लागलं तेव्हा तिनं ते खालती घेतलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यात भिजवून गाडीच्या कपाळावर थापल्या, वर केळीचं पान बांधलं ओल राहावी म्हणून, आणि बॉनेट लावलं.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी पान काढलं तर वरचा थर चामड्यासारखा मऊ पडला होता. तिनं बांबूची काडी तासून घेतली. लोखंडाला लोखंड लावायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. काडीनं ती हलकेच उचकटू लागली, आणि कांद्यासारखे पापुद्रे निघू लागले. लाल, राखाडी, पुन्हा लाल. एके ठिकाणी लाल असं नव्हतंच, नुसता विभूतीचा राखाडी पट्टा लागला. दाक्षायणीचा हात थांबला. भावकीपुढं तोंड वर करून बोललेली होती खरी, पण भीमाशंकर गेला त्या वर्षी कुंकवाच्या डबीकडं तिचं बोट गेलं नव्हतं, आणि हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं तो पट्टाही काढला. रोज सकाळी काडी, रोज संध्याकाळी नव्या चिंध्या. राखेच्या पाण्यानं तिची बोटं फुटली, नखांकडेची कातडी सोलली. ती त्यावर तेल लावायची आणि पुन्हा वाकायची.

गावाला बातमी लागलीच. येणारा-जाणारा अंगणात डोकवायचा. "अव्वा, काय निघालं का?" "निघालं की. सत्त्याण्णव सालची दिवाळी निघाली आत्ताच." गिरणीवाला येऊन उभा राहिला, पुष्कळ वेळ बघत होता. म्हणाला, "एवढा खटाटोप कशापायी करता? देऊन टाका. आमी सुटलो." दाक्षायणीनं मान वर न करता विचारलं, "कशातनं सुटला?" गिरणीवाला चपला सरकवून वाटेला लागला.

अकराव्या दिवशी काडीच्या टोकाला एक धार लागली. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं. खाली पत्रा होता, गंजाचा एक ठिपका नाही, आणि त्यावर इंग्रजी अक्षराचा वरचा कोन. ते अक्षर कोणतं हे तिला लगेच वाचता आलं नाही. पण तिथं होतं. ती बॉनेटच्या कडेला दोन्ही कोपरं टेकवून उभी राहिली आणि पुष्कळ वेळ नुसती बघत राहिली.

तेराव्या दिवसापर्यंत दोन अक्षरं आणि चार आकडे वर आले. पुढं दोन आकडे राहिले होते, उजव्या टोकाचे. तिथला थर हलेना. चव्वेचाळीस वर्षं गाडी अंगणातल्या उतारावर उभी राहायची, तेल लावलं की ओघळ त्या कोपऱ्याकडं जायचा. तिथं बोटभर जाडीचं दगडच झालं होतं. चौदाव्या दिवशी तिनं उकळतं पाणी ओतून बघितलं, तापलेल्या विटा फडक्यात गुंडाळून शेकून बघितलं. वीट निवायची, थर तसाच. मृत्युंजयाचा फोन आला, "उद्या तारीख हाय, अव्वा. किती निघालं?"

"दोन आकडं ऱ्हायल्यात."

"तू लई केलंस. उद्या सरळ केंद्राकडंच जाऊ. मी सुट्टी टाकतो."

"आदी आरटीओ. मग तू म्हणशील तिकडं."

पंधराव्या दिवशी पहाटे ती डबे उकळायच्या चुलीपुढं बसली होती. डब्यांना राखेचं पाणी नुसतं लावून उपयोग नसायचा, ते चुलीवर ठेवून तासभर रटरटवावं लागायचं, हे तिला आठवत होतं. वीट निवते. पाणी निवतं. तासभर न निवणारी ऊब त्या कोपऱ्याला कशी द्यायची? तिनं अंगणात बघितलं आणि स्वतःवरच चिडली. चौदा दिवस ती इंजिनाच्या डोक्यावर वाकून काम करत होती.

तिनं चिंध्यांची जाड घडी राखेच्या पाण्यात चिंब करून त्या कोपऱ्यावर दाबली, वर पान, वर पातळ पत्र्याचा तुकडा, आणि तारेनं आवळून टाकलं. उरलेलं पाणी बरणीत भरून डिकीत ठेवलं. सात वाजता गाडी निघाली. एरवी ती तिसऱ्यात जायची तिथं आज दुसरा गेर. इंजिन तापायला हवं होतं. अक्कलकोट गेलं, वळसंग गेलं. मागनं येणारे ट्रक हॉर्न मारून वैतागले. दर पाच-सहा किलोमीटरवर ती थांबून बरणीतलं पाणी चिंध्यांवर ओतायची, वाफ तोंडावर यायची, आणि पुन्हा निघायची. बॉनेटच्या फटीतून येणारा वास तिला लहानपणापासून ओळखीचा होता. डबे धुण्याच्या दिवशी परसात यायचा तोच, तेलाचा साबण होतानाचा.

मैदानात तिच्यापुढं बारा गाड्या होत्या. तिनं इंजिन बंद केलं नाही.

"आजी, गाडी बंद करा की! धूर मरणाचा येतोय," मागचा रिक्षावाला ओरडला.

"शिजायला ठेवलंय. उतरवलं की बंद करते."

बाजूच्या रांगेत भंगारात द्यायच्या गाड्या होत्या, त्यांचे कागद रद्द करून घ्यायला आलेले मालक ऊन चुकवत उभे होते. त्यातला एक अनोळखी फियाटवाला वाकून बघत म्हणाला, "द्या की हिकडंच. आम्ही दिली बघा."

"आता घरला कशानं जाणार?" दाक्षायणीनं विचारलं.

"एसटीनं."

रिक्षावाला खो खो हसला. फियाटवालाही हसला, पण मग आपल्या गाडीच्या टपावर त्यानं हात ठेवला तो उचललाच नाही.

मृत्युंजय आला तेव्हा साडेअकरा झाले होते. पुढं दोन गाड्या उरल्या होत्या. दाक्षायणीनं इंजिन बंद केलं, बॉनेट उचललं, पदर कंबरेला खोचला आणि तार सोडली. पान काळं पडलं होतं. चिंध्यांची घडी उचलली तर तिच्याबरोबर थराचा एक आख्खा तुकडा उठून आला, उलट्या बाजूला एका आकड्याचा ठसा घेऊन. दुसऱ्या आकड्यावर अजून पातळ साय होती. काडी सरकवली, हलली. मृत्युंजय बॅटरी धरून उभा राहिला. त्यानं आधी ती कुठं मारायची ते विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं.

"आजी, तुमचा नंबर," उत्कर्षा मॅडम आल्या. "झालं का?"

"याक मिनिट."

"मी दोन मिनिटं देते."

साय निघाली. मॅडमनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, भिंगातून बघितलं. हत्याराची एक रेघ नव्हती. पत्रा असा होता की जणू काल कारखान्यातून आला. पातळ कागद लावून त्यांनी पेन्सिल आडवी फिरवली आणि कागदावर नंबर उठला. मग आरसी बुक उघडून पान आपल्याकडं वळवलं.

"तुम्ही वाचा, आजी. गाडीवरचं."

"अक्षरं मला येत न्हाईत."

"आकडे वाचा."

दाक्षायणीनं चष्मा पुसला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती गाडीचं कपाळ वाचत होती. "चार. याक. सात. दोन." मग ताजे निघालेले. "शून्य. नऊ."

मॅडमचं बोट आरसीवर एकेक आकड्याखालून सरकत होतं. नवावर थांबलं. "बरोबर." त्यांनी फोटो काढला, दोनदा. मग म्हणाल्या, "एक विचारते. गाडीला आत्ताच पन्नास वर्षं झाली. व्हिंटेज म्हणून नोंद करता येईल. मग भंगाराची कधीच भीती नाही. फक्त रोज चालवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली एवढंच."

"आन माजं त्याल कोण पोचवणार?"

"नाही म्हणजे, सुचवलं."

"तुमचं उपकार हाईत, मॅडम. पर ती काय शोभंची न्हाय. पाच वरसाचं द्या. पाच वरसानं परत येते."

मॅडमनी सही केली. मृत्युंजय कागद घ्यायला खिडकीवर गेला, तिथून परत येताना त्याचा चेहरा पडलेला होता, पण चालण्यात घाई होती, जणू आईनं काही म्हणायच्या आत त्यालाच काही म्हणायचं होतं. "अव्वा, पांढऱ्या गाडीचं नाव काढत न्हाय. पण मी माझ्यासाठी घेतली तर?"

"घे की. तुला कोण नगं म्हणलंय?"

ती आत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन दोन तास जागच्या जागी पेटलेलं, उन्हात उभं. घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मृत्युंजय बोलायला तोंड उघडत होता.

"उतर," दाक्षायणी म्हणाली. "ढकल."

कॉलेजातल्या क्लार्कनं बाह्या सारल्या. एकट्यानं हलेना. रिक्षावाला उतरला. बाजूच्या रांगेतला फियाटवाला आला, त्याच्या मागं आणखी दोघं आले, ज्यांच्या हातात कागद रद्द झाल्याच्या पावत्या होत्या. त्या त्यांनी खिशात घातल्या आणि निळ्या पत्र्याला तळहात लावले.

"हां, हां, जोर! आजी, गेर टाका!"

"मला सांगू नगंस रं, जोर लाव!"

गाडी आधी रेटली गेली, मग घरंगळू लागली. दाक्षायणीनं दुसऱ्यात टाकून क्लच सोडला. गाडीनं एक हिसका खाल्ला, खोकली आणि लागली. गेटापर्यंत मृत्युंजय धावत आला, दार उघडून चालत्या गाडीत कसाबसा बसला, आणि दाक्षायणीनं गाडी अक्कलकोट रस्त्याला घेतली.